तेराओबाईंच्या दारापुढची पानं

क्योटो, ९ ऑक्टोबर १९९३

प्रिय नुई,

तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन शेगडीवर चढवले होते. तुझ्या आईवडिलांच्या फोटोपुढे चहाचा पेला ठेवून झाला होता, सूपसाठी मुळा चिरून झाला होता, आणि मी झाडू घेऊन दाराकडे निघाले होते. तेवढ्यात बाहेरून तुझे दादा म्हणाले, "झाडू ठेव आणि आहेस तशी बाहेर ये."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची तीस तारीख होती. आदल्या रात्री पहिल्यांदाच दव गोठलं होतं आणि आपला गिंको पानं सोडत होता. वारा अजिबात नव्हता. एकही पान उडत नव्हतं, सगळी सरळ खाली येत होती. शेजारच्या खोलीत कुणी कागद चाळत बसावं तसा आवाज येत होता. दहा दिवस पिवळंधमक उभं असलेलं झाड अर्ध्या तासात रिकामं झालं. दादा म्हणाले, "आज नीट बघून घे." मी म्हटलं, "दर वर्षी बघतेच की. आत भात लागेल." भात लागलाच. त्यांनी तो करपलेला भात खाल्ला. फेब्रुवारीत ते गेले.

हे आज लिहायचं कारण सांगते. परवा सकाळी झाडाच्या बुंध्याला प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद बांधलेला दिसला. तुला ठाऊक आहे, कुठलाही कागद मी वाचल्याशिवाय सोडत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला मी सुताच्या गुंड्यांभोवती गुंडाळून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर शिकले. तेव्हापासून ती खोडच लागली आहे. कागदावर लिहिलं होतं, 'लगतच्या रहिवाशांच्या विनंतीनुसार हे झाड १२ नोव्हेंबर रोजी तोडण्यात येईल.' मी तीनदा वाचलं. मग शाई ओली आहे का बघावं तसं प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. का फिरवलं, माझं मला कळलं नाही. हातातला झाडू कुठे टाकला तेही आठवत नाही. दुपारी तो शेजारच्या तेराओबाईंनी आणून दारात ठेवला.

आपला गिंको पिवळा होतो वीस नोव्हेंबरच्या सुमाराला. म्हणजे हिरवाच तोडणार.

'लगतचे रहिवासी' म्हणजे कोण? झाड आहे माझ्या आणि तेराओबाईंच्या दारांच्या मधोमध. लगतची घरं दोनच, त्यातलं एक माझं. मी काही विनंती केलेली नाही.

तुमच्या नाहाला दारं झाडतात की नाही मला माहीत नाही, पण इथे अजून तू असतानाचाच नेम आहे. आपलं दार झाडायचं आणि शेजारच्या हद्दीत फूटभर. त्याहून कमी झाडलं तर माणूस कोता, जास्त झाडलं तर समोरच्याला आळशी म्हटल्यासारखं. दादा गेले त्या वर्षापासून तेराओबाई माझ्या हद्दीत चांगले तीन फूट आत येऊन झाडतात. तेही पहाटे, मी उठायच्या आधी. चार वर्षं मी हे गिळलं आहे. पानांचा त्यांना केवढा त्रास होतो ते त्यांनी मला असं रोज सकाळी दाखवलं, आणि आता महापालिकेच्या कचेरीत जाऊन झाडच तोडायला लावलं.

तुला गळलेलं पहिलं पान दर वर्षी पाठवते. या वर्षी काय पाठवू?

तुझी,
शिनो

*

नाहा, १७ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि मला घाम फुटला. तसा इथे ऑक्टोबरातही फुटतोच. आमचे हे म्हणाले, "कुणी गेलं की काय?" मी म्हटलं, "गिंको." ते म्हणाले, "मग चहा कर." या बेटावरच्या माणसांना पान गळणं म्हणजे काय ते कळत नाही. आमच्या दारातला वड बाराही महिने हिरवा असतो, त्याला कधी काही आठवतच नाही.

माझे कान आता आणखी गेले आहेत. फोन करू नका, मी नुसती 'हो हो' म्हणत राहीन आणि कशाला हो म्हटलं ते मला कळणार नाही.

वहिनी, तुम्हाला तो चहाचा डबा आठवतो का? ऑक्टोबरात दादा तो घेऊन गल्लीतल्या पाचही घरी जायचा. प्रत्येकाने चिठ्ठीवर पानं गळायची तारीख लिहायची. ज्याची तारीख सगळ्यात जवळची, त्याने त्या वर्षी पानांना हात लावायचा नाही, बाकीच्यांनी त्याचं दार झाडून द्यायचं. मी लग्न होऊन इकडे आले त्या वर्षी मीच जिंकले होते, पण माझं दार झाडून घ्यायला मी तिथे नव्हते. तेवढं माझं अजून तुमच्याकडे राहिलंय.

पण झाडाचं म्हणाल तर जाऊ द्या. जुनं झालं आहे. मुळांनी रस्ता उचलला असेल, कचेरीला काही कारण असेल. तुम्ही मात्र तिकडे जाऊ नका. तिथे तासन्‌तास बसवून ठेवतात आणि शेवटी काही सांगत नाहीत. त्यापेक्षा दहा तारखेला विमानात बसा आणि आमच्याकडे या. पंधरा दिवस राहा. परत जाल तेव्हा सगळं आवरलेलं असेल, बघायलाच लागणार नाही. मी पपईची भाजी करीन, तुम्हाला आवडत नाही ती.

आणि तेराओबाईंशी काही बोलू नका. खरंच नका.

तुमची,
नुई

*

क्योटो, २६ ऑक्टोबर

नुई,

तुझं पत्र वाचून मी थक्क झाले. तू त्या झाडाखाली जन्मलीस. शाळेत जाताना त्याची पानं दप्तरात भरायचीस, सासूबाई ओरडायच्या. आणि तू मला 'जाऊ द्या' म्हणतेस. दादांना जाऊन चार वर्षंही झाली नाहीत. मी विमानात बसणार नाही. आणि पपईची भाजी मला खरंच आवडत नाही.

मी कचेरीत गेले होते. उद्यान खात्याच्या खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या असाव्यात. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "अर्ज लगतच्याच घराचा आहे. नाव सांगता येत नाही." मी म्हटलं, "लगतची घरं दोनच आहेत. आणि एक माझं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या फाइलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सहीचा घरचा शिक्का घेऊन पुन्हा या, मग बघू." म्हणजे हरकत नोंदवता येते असं दिसतं. येत्या आठवड्यात जाईन.

तोवर मी एक गोष्ट केली आहे. तुला आवडणार नाही, पण लपवत नाही. आता मी हद्दीवर थांबते. फूटभर पलीकडे झाडत नाही. माझ्या बाजूला एक काडी नाही, त्यांच्या बाजूला सगळा कचरा, आणि मधे सरळ रेघ. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी तेराओबाई बादली घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या,

"नवा झाडू आणलात वाटतं, हिराईबाई? रेघ अगदी सुरीने कापल्यासारखी येते."

"जुनाच आहे. हात सुधारलाय."

"बरं झालं. तसं आता थोडेच दिवस. झाड गेलं की तुम्हाला तेवढंही झाडायला नको."

हे त्या तोंडावर हसू आणून म्हणाल्या. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

झाडाचं वरचं टोक पिवळं व्हायला लागलं आहे. दहा-बारा पानं असतील. दोन्ही हात जोडले तर त्यात मावेल एवढाच पिवळा रंग. संध्याकाळी मी स्टूल घेऊन दारात बसते आणि मान वर करून बघते. जाणारे येणारे विचारतात, "काय बघता?" मी म्हणते, "किती झालं ते बघते." सतरा दिवस उरले आहेत आणि ते झाडाला माहीत नाही.

शिनो

*

नाहा, ३० ऑक्टोबर (तातडीचं)

वहिनी,

शिक्का घेऊन जाऊ नका. म्हणजे जा, पण त्याआधी हे वाचा. दोन रात्री मला झोप नाही. आमचे हे म्हणाले, "लिही एकदाचं, नाहीतर बाकीच्या रात्री मला झोप येणार नाही."

तेराओबाईंनी काही केलेलं नाही. अर्ज दादाने केला आहे.

हॉस्पिटलमधून त्याने मला लिहिलं होतं. पत्र माझ्याकडेच ठेवायला सांगितलं होतं, कारण तुमच्या हातून घरातला कुठलाही कागद सुटत नाही. झाड गेल्यावरसुद्धा तुम्हाला सांगू नकोस असं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. चार वर्षं झाली, कचेरी विसरली असेल असं मला वाटत होतं. तुमचं पहिलं पत्र आलं आणि कळलं, विसरली नव्हती. मग मी तुम्हाला ते मुळांचं आणि पपईचं लिहिलं. मला क्षमा करा. त्याचा शब्द मी मोडते आहे. पण एका बिचाऱ्या बाईच्या दारात तुमची रेघ ओढलेली मला बघवत नाही.

त्याचं पत्र सोबत आहे.

नुई

[सोबतचं पत्र]

१४ जानेवारी १९९०

नुई,

इथला भात बेचव आहे, बाकी ठीक. डॉक्टर जे सांगत नाहीत ते मला कळलं आहे. एक काम करून ठेवलंय, ते कुणाला तरी माहीत असावं म्हणून लिहितो.

गेल्याच्या गेल्या वर्षी शिनो ओल्या पानांवरून घसरून पडली आणि मनगट मोडलं. ते नीट जुळलेलं नाही. ती सांगत नाही, पण भांडं डाव्या हाताने उचलते. तरी पानं गळली की पहाटे झाडू घेऊन उभी. माझ्यानंतर एकटीच असेल. पडली तर दुपारपर्यंत कुणाला कळणार नाही. म्हणून मी कचेरीत अर्ज दिला, झाड काढून टाका असा. तीनशे झाडांची यादी आहे म्हणाले, वेळ लागेल. लागू दे.

तोवर आमच्या बाजूचं तुम्ही थोडं जास्त झाडा, असं तेराओबाईंना सांगून ठेवलंय. शिनोला तो अपमान वाटेल. पण मनगटापेक्षा अपमान बरा.

तिला सांगू नकोस. झाड गेलं की ती चिडेल. कचेरीवर चिडू दे. माझ्यावर चिडायला नको.

या वर्षी पानं छान गळली. तुझं पान शिनो पाठवेलच.

केइझो

*

क्योटो, ६ डिसेंबर

प्रिय नुई,

तुझं पत्र तीन नोव्हेंबरला मिळालं. महिनाभर उत्तर दिलं नाही. रागावले म्हणून नव्हे. लिहायला बसले की हात थांबत होता.

पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर भांडं कुठल्या हाताने उचलते ते मी उचलून पाहिलं. डाव्याच हाताने. पाच वर्षं मला हे माहीत नव्हतं, त्यांना होतं. मग मी खाली बसले. सूप उतू जाऊन शेगडी विझली तरी तिथेच बसून होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. चष्मेवाल्या बाईंना शिक्का दाखवला. त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. तेच अक्षर, 'झाड' लिहिताना शेवटची रेघ लांब ओढायचे तसंच. आणि हाच शिक्का, माझ्या हातातला. विनंतीचं कारण म्हणून छापील चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, 'पत्नीला माझ्यामागे पानं झाडावी लागू नयेत.' बाकी काही नाही. खाली तारीख. २९ नोव्हेंबर.

नुई, पानं गळली तीस तारखेला. म्हणजे आदल्या दिवशी ते अर्ज देऊन आले होते. आणि सकाळी मला म्हणाले, झाडू ठेव, आज नीट बघून घे. आणि मी भाताचं बोलले.

किती वेळ मी त्या खिडकीत उभी होते ते माहीत नाही. मागे रांग झाली होती. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "कुटुंबप्रमुखाला अर्ज मागे घेता येतो. दहा तारखेपर्यंत सांगा. नंतर माणसं लावली जातात."

"कुटुंबप्रमुख वारले."

"मग आता तुम्हीच."

मी शिक्का न मारता घरी आले. ते तुला कळेल असं वाटतं. त्यांनी माझ्यासाठी केलेली ती शेवटची गोष्ट होती. ती मी माझ्याच हाताने पुसायची? आणि नाही पुसली तर झाड जाणार. सहा दिवस मी त्यांच्या फोटोपुढे चहा ठेवला आणि त्यांच्याशी बोलले नाही. तोपर्यंत झाड निम्म्यापर्यंत पिवळं झालं होतं. नऊ तारखेच्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "मनगट माझं होतं. मला विचारायचं होतं." एवढंच म्हटलं. दहा तारखेला खिडकी उघडताच जाऊन शिक्का मारला. उजव्या हाताने मारला, थोडा तिरका पडला. अकराला कचेरीचा माणूस येऊन बुंध्याचा कागद सोडून घेऊन गेला.

मग तेराओबाईंकडे गेले. तुमची क्षमा मागते म्हणायचं ठरवून गेले होते, तोंडातून भलतंच निघालं.

"चार वर्षं तुम्ही माझ्या हद्दीत तीन फूट आत येऊन झाडलंत."

"तीन नाही, अडीच."

"मला वाटलं, तुम्ही मला आळशी म्हणता."

"ते तर म्हणतच होते," त्या म्हणाल्या. "पण झाडत होते तुमच्या यजमानांनी सांगितलं म्हणून. या आत. वारा येतोय."

"झाडाचंही सांगितलं होतं का त्यांनी?"

"नाही हो. मनगटाचं तेवढं. बुंध्याचा कागद वाचला तेव्हा मला वाटलं, अर्ज तुमचाच. लगतची घरं दोनच, आणि मी काही दिला नव्हता. नवरा गेल्यावर झाडही नकोसं झालं असेल, असं मनात म्हटलं. पण राग आला. मग तुम्ही रेघ ओढायला लागलात, तेव्हा तर खात्रीच झाली."

एकाच कागदाने आम्हा दोघींना एकमेकींचं नाव सांगितलं होतं. त्या चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "मी पण गेले होते कचेरीत. पानं गळेपर्यंत तरी थांबा म्हणून सांगायला. ती चष्मेवाली बाई म्हणाली, अर्ज लगतच्याच घराचा आहे."

यावर आम्ही हसलो. तुझे दादा गेल्यापासून मी त्या घरात हसले नव्हते. मग त्यांनी मला मनगट दाखवायला सांगितलं, दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "अडीच फूट मी झाडणारच. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे."

"वाटू दे," मी म्हटलं.

तो चहाचा डबा फळीवरच होता. घासला, आतली तुझ्या दादांची जुनी चिठ्ठी तशीच ठेवली आणि पाचही घरी फिरवला. उशीर झाला होता, पण कुणी नाही म्हटलं नाही. मी अठ्ठावीस नोव्हेंबर लिहिली. तेराओबाईंनी चार डिसेंबर.

यंदा झाड चौदा दिवस पिवळं होतं. दुपारी चारला ऊन गल्लीत शिरलं की माझी समोरची भिंत, तेराओबाईंची बादली, दुधाच्या बाटल्या, सगळं पिवळं दिसायचं. मी स्टूल बाहेर काढायचे, त्या त्यांचं काढायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तुमचे यजमान वाईट होते. हे सगळं तोडायला निघाले होते." मी म्हटलं, "हो." थोड्या वेळाने म्हणाल्या, "असा नवरा मला नाही मिळाला." मी यालाही हो म्हटलं.

परवा, चार तारखेला, रात्रीचं दव गोठलं होतं. मी तांदूळ धूत होते. बाहेरून तेराओबाईंनी हाक मारली. मी आधी शेगडी बंद केली आणि मग गेले. वारा नव्हता. तोच कागद चाळल्यासारखा आवाज होता. मी नीट बघितलं, नुई. शेवटचं पान पडेपर्यंत एका शब्दाने बोलले नाही आणि आत गेले नाही. सगळ्यात पहिलं पान तेराओबाईंच्या खांद्यावर पडलं होतं, ते मागून घेतलं. सोबत पाठवते आहे. अजून ओलसर आहे, पुस्तकात ठेव.

तारीख तेराओबाईंची बरोबर आली. दुसऱ्या दिवशी पहाटे, बाकीची घरं उठायच्या आधी, मी त्यांचं दार झाडलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तुझी,
शिनो